शंकररावांचे नियम आणि बी साइडचं गाणं

आमचे हे, म्हणजे शंकरराव, अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा जो तो विचारायचा, आता ह्यांचा वेळ कसा जाणार? मी म्हणायचे, ह्यांचा जाईल हो, माझा कसा जाणार ते विचारा! ह्यांना नाद जुन्या कॅसेटींचा. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या आमच्या दोन खोल्या, त्यात कपड्यांचं कपाट एक आणि कॅसेटींची दोन.

नुसता नाद असता तर चाललं असतं. ह्यांनी मोबाईलवर कॅसेटवाल्यांचा ग्रुप काढला. जुन्या कॅसेटी विकणारे, घेणारे, बदलून घेणारे, पार नागपूर-कोल्हापूरपर्यंतचे. आणि ॲडमिन झाल्याझाल्या नियम काढले. आधी पैसे, मग पार्सल. कुरिअरचा खर्च घेणाऱ्याचा, पण लागला तेवढाच, वर रुपया लावायचा नाही. जो आधी "घेतली" असं लिहील त्याची कॅसेट, मागून कुणी जास्त पैसे दाखवून सौदा फोडायचा नाही. एकदा सोलापूरच्या एकाला कुरिअर सांगितलं त्यापेक्षा स्वस्त पडलं, म्हणून ह्यांनी उरलेले चौदा रुपये परत पाठवले. त्या माणसाला वाटलं हा काहीतरी नवा फ्रॉड आहे. त्याने ह्यांना ब्लॉकच केलं! दोन दिवस ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

पॅकिंग तर विचारू नका. गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यातून चिंध्या आणायच्या, कॅसेट त्यात गुंडाळायची, वर पुठ्ठा, वर चिकटपट्टी, परत चिंध्या. मी म्हणते, "अहो, कॅसेट पाठवताय की तान्हं बाळ?" तर म्हणतात, "फुटली तर नाव कुणाचं जाईल?"

आता माझं ऐका. लग्नाआधी मी आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत कोरसला होते. पेटीवर आमचे बुधाजीमामा. त्या पार्टीची भीमगीतांची एक कॅसेट निघाली होती, एकच. माझ्याकडची कुणीतरी ऐकायला म्हणून नेली ती नेलीच. आमची सून स्वप्नाली गुणाची आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण मी "माझी कॅसेट निघाली होती" म्हटलं की ती "हो का, आई?" म्हणते, लहान पोराला म्हणतात ना, तसं. माझ्या डोक्यात तिडीक जाते. एकदा, फक्त एकदा हिला माझा आवाज ऐकवायचा, एवढीच माझी हौस राहिली होती. हेसुद्धा कैक वर्षं ती कॅसेट शोधत होते.

मागच्या महिन्यात दुपारी हे ओरडले, "भागीरथी, अगं आली!" मनमाडच्या भीमरावांनी ग्रुपवर फोटो टाकला होता. निळं कव्हर, त्यावर पेटी घेऊन बुधाजीमामा. तीच!

"लिहा की पटकन," मी म्हटलं.

"थांब. टेप कशी आहे ते वाचू दे. न वाचता घ्यायची नाही, नियम आहे."

चष्मा शोधला. चष्मा पुसला. सगळं वाचलं, मग "घेतली" लिहिलं. तोवर वर दुसऱ्याचं "घेतली" येऊन बसलं होतं. विक्रांत म्हणून एक पोरगा, बदलापूरचा, खरवईला राहणारा. वरातीमागून घोडं!

संध्याकाळी खुद्द भीमरावांचा फोन. "काका, पोराचे पैसे अजून आले नाहीत. त्याला सांगतो टेप खराब निघाली. तुम्हीच घ्या."

ह्यांचा आवाज चढला. "खोटं सांगणार? त्याने आधी लिहिलं, त्याची झाली." आणि फोन ठेवला.

हातातोंडाशी आलेला घास! मला रडूच फुटलं. "आग लावा तुमच्या नियमांना," मी म्हटलं. "खरवई काय विलायतेत आहे? मागे तुम्हीच त्याला पार्सल पाठवलंय, पत्ता घरात आहे. मी रिक्षाने जाते आणि मागते."

"नाही. पार्सलसाठी दिलेल्या पत्त्यावर जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही."

"हासुद्धा नियम?"

"हासुद्धा," हे म्हणाले, पण खाली बघून. मी बोलणंच टाकलं. चहाचा कप समोर आदळायचा आणि निघून जायचं. हे मुकाट्याने प्यायचे, साखर नसली तरी.

रविवारी ह्यांचा मोबाईल वाजला. पार्सल मिळालं की घेणाऱ्याने ते उघडतानाचा व्हिडिओ टाकायचा आणि दोन्ही बाजूंचं एकेक गाणं वाजवून दाखवायचं, म्हणजे मागाहून "खराब आली" अशी भांडणं नकोत. विक्रांतने टाकला होता. ह्यांनी मला हाक मारली, स्वप्नालीलाही बोलावलं आणि मोबाईल टेबलावर उभा केला.

ए साइडला नुसते बाप्ये गात होते. माझा जीव टांगणीला. पोराने कॅसेट उलटी करून घातली. खरखर झाली, ढोलकी वाजली, बुधाजीमामांची पेटी आली आणि मग आम्ही पोरी. अगं बाई! अंगावर काटा आला. दुसऱ्या कडव्यानंतर सगळ्या थांबल्यात आणि एकटीच बया आधी सुरू झाली, जोरात. रेकॉर्डिंगला मामा केवढे ओरडले होते मला!

"आई, ही तुम्हीच!" स्वप्नाली किंचाळली. "भाजीवाल्याला हाक मारता ना, तोच आवाज!" तिने मला मिठीच मारली. मी हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते.

ह्यांनी मोबाईल उचलला आणि एका बोटाने बराच वेळ काहीतरी टाइप करत बसले. स्वप्नालीने वाकून मोठ्याने वाचलं, "टेप उत्तम आहे. व्यवहार पूर्ण. दुसऱ्या कडव्यानंतर जी घाई करते ती माझी बायको भागीरथी. मला हे गाणं तिच्यासाठीच हवं होतं."

लोकांचे जयभीम आणि टाळ्या धडाधड पडायला लागल्या. विक्रांतने लिहिलं, "काका, कॅसेट काकूंनाच देतो, येऊ का घेऊन?" ते स्वप्नालीने वाचलं, ह्यांनी न वाचताच बटण दाबलं. हे ग्रुपमधून बाहेर पडले होते.

"अहो, हे काय केलं?"

"ग्रुपवर घरच्या गोष्टी लिहायच्या नाहीत. लिहिलं तर आठवडाभर बाहेर," हे म्हणाले. "नियम मीच केलाय."

तो आख्खा आठवडा हे माझ्यामागे स्वयंपाकघरात बसून होते, आणि मला पुन्हा पुन्हा तेच कडवं म्हणायला लावत होते.