आमच्या घरात कांदा चिरत नाहीत

नाशकात राहून आमच्या घरात कांदा चिरत नाहीत. शेजारणींना वाटतं, आम्ही माळकरी झालो.

नव्वदच्या दशकात माझे वडील देवळाली कॅम्पात फुटबॉल खेळायचे. चेंडू डोक्यानं मारण्यात पटाईत होते. टक्कर होऊन बेशुद्ध पडले की कोच कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरायचा आणि डोळे उघडताच परत खेळायला ढकलायचा. डॉक्टरचं नाव कुणी काढत नसे. आम्ही घरचे तर टाळ्या वाजवायचो.

खेळ सुटला आणि पंचेचाळिशीतच ते मला ओळखेनासे झाले. सत्कार करणारे पुन्हा फिरकले नाहीत. एकदा मी स्वयंपाकघरात कांदा चिरला, तसे ते खुर्चीतून धडपडत उठले आणि भिंत धरून म्हणाले, “मी बरा आहे, सर. खेळतो.”