पाणी सांडण्याचं गणित

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारण कशाला? सांगतो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. साताऱ्याच्या कॉलेजात मी आणि सिकंदर एका बाकावर. तो आटपाडीचा, वडील गाद्या भरायचे. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये आठवड्याला एकच तास मिळायचा. म्हणून तो खोलीवर बसून अख्खा प्रोग्रॅम वहीत लिहायचा — पेन्सिलीनं, खोडून खोडून. मला टायपिंग येत होतं. तो वाचणार, मी बडवणार. असा तो खेळ झाला: गावात टँकर येतो, एक मुलगी घागर घेऊन पळते, पळताना पाणी हिंदकळून सांडतं. घरी पोचेपर्यंत जेवढं उरेल, तेवढे गुण. काय भारी होता हो!

मग सांगलीत विद्यापीठाची परिषद ठरली. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवून पोट भरता येतं का, यावर! घरी सांगितलं तर वडील हसलेच. पण पुण्याच्या कंपनीचे एक साहेब येणार होते, आणि आलेल्या पोरांतून एकाला कामावर घेणार होते. एकालाच. तिथंच माझी नियत फिरली.

तिथं खेळ दाखवायचा फॉर्म मी भरला. त्यावर दोन नावांना जागा होती — होती. सिकंदरला म्हणालो, एकच नाव चालतं, इंग्रजीत बोलावं लागेल, माझं टाकतो. "टाक की," म्हणाला. फॉर्म बघायलाही मागितला नाही.

मागितला असता तर दाखवला असता का मी? कोण जाणे.

सांगलीत हॉलच्या दारात त्यानं चपला काढल्या. आमच्या लॅबचा नियमच होता, धूळ आत न्यायची नाही. इथंही स्टेजवर कॉम्प्युटर दिसत होते, त्याला वाटलं तसंच असेल. बूट घातलेली पोरं फिदीफिदी हसली. आणि मी काय केलं? चार खुर्च्या सोडून बसलो. लाज वाटली मला. त्याची!

खेळ साहेबांना आवडला. त्यांनी विचारलं, पाणी किती सांडायचं हे कसं ठरवलं? ते आकडे मी टाइप केले होते, पण आले कुठून, देवाशपथ ठाऊक नव्हतं. मागून सिकंदर उठला, अनवाणीच. "सर, त्ये असं हाय, बहिणीला भरल्या घागरीनिशी पळवलं आन्—"

मी मधेच तोडलं. साहेबांनी विचारलं, हा कोण?

"माझ्याबरोबर आलाय," मी म्हणालो. "पिशवी सांभाळायला."

तो बसला. हॉल काही फार मोठा नव्हता. त्यानं ऐकलं — नक्की ऐकलं. आकड्यांचं मी सांगून टाकलं, अंदाजानं बसवलेत सर. साहेब हसले, प्रामाणिक आहेस म्हणाले. प्रामाणिक! जीभ झडली कशी नाही माझी?

काम मला मिळालं.

नंतर स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत उभे होतो. वाटत होतं, आता हा शिव्या घालेल, कानाखाली वाजवेल. वाजवली असती तर बरं झालं असतं. त्यानं उसाच्या रसाचे दोन ग्लास आणले, एक माझ्या हातात दिला. "जा गड्या तू म्होरं," म्हणाला. "पर तितं जागा निघाली तर सांग त्यास्नी — खेळ लिवणारा आनी एक हाय म्हणून."

सांगतो म्हणालो.

पुढच्या दोन वर्षांत तीनदा जागा निघाली. साहेबांनी दर वेळी मलाच विचारलं, तुझ्या ओळखीचं कुणी आहे का? तिन्ही वेळा मी नाही म्हणालो.