खडूचा घरनंबर

आमच्या घरात देवळांचा अधिकार माझ्याकडे आहे. कोणी दिलेला नाही, मीच घेतलेला. काळा दगड दिसला की मी हेमाडपंती म्हणतो, खांब दिसला की त्यावरून हात फिरवतो, आणि बायको सोबतच्यांना खुणावते की सावली बघून बसून घ्या, आता वेळ लागणार. चुन्याशिवाय ही देवळं कशी उभी राहतात, एका दगडाची खोबण आणि दुसऱ्याची जीभ एकमेकांत कशी बसते, हे मी इतक्यांदा सांगितलंय की धाकटी बहीण माझी वाक्यं माझ्याआधी पुरी करते.

ती सुप्याला राहते. दाजी तिथल्या कारखान्यात पाळीने कामाला. लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्या. प्रत्येक मालक पहिल्याच दिवशी बजावतो, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. त्यामुळे तिच्या लग्नाचा मोठा फ्रेम केलेला फोटो आजवर पेटीतच आहे, जुन्या साडीत गुंडाळलेला. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एक लहानसा फ्लॅट बघून ठेवला होता आणि बँकेच्या उत्तराची वाट पाहत होते. कुठलाही फोन वाजला की बहीण आधी पदराला हात पुसायची, मग उचलायची.

तिचं मन जरा दुसरीकडे लागावं म्हणून एका रविवारी तिला आणि बायकोला गाडीत घालून मी राजूरच्या बाजूला नेलं. तिथे एका गावाबाहेर महादेवाचं जुनं देऊळ आहे, आणि त्याला लागून कधीच्या काळी ढासळलेलं जैन मंदिर. जाऊन बघतो तर महादेवाचा गाभारा तेवढा जागेवर. पुढचा मंडप दुरुस्तीसाठी उतरवलेला. दोन्ही देवळांचे दगड शेजारच्या रानात ओळीने मांडून ठेवले होते आणि भोवती दोरी बांधली होती. सुट्टीचा दिवस, काम बंद, राखणदार जेवायला गेलेला.

डोंगराकडच्या देवाला गेलं की ज्याला घर हवंय तो दगडावर दगड रचतो, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. खाली रुंद, वर लहान, मग हात जोडायचे. रचलेलं कुणी पाडायचं नाही. पाडलं तर ते घर होत नाही म्हणतात. बहिणीने त्या दगडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दोरी वर उचलून धरली, लग्नात व्याह्यांसाठी मांडवाची झालर उचलतात तशी, आणि म्हणालो, या.

बायको म्हणाली, "अहो, दोरी कशाला बांधली असेल?"

मी म्हणालो, गुरं येऊ नयेत म्हणून.

पायाचा दगड मीच निवडून दिला. दोन हातांत मावेल एवढा, एका कडेला कमळाची पाकळी कोरलेली. त्यावर खडूने लिहिलं होतं, ज ४१. मी लगेच अर्थ लावला. ज म्हणजे जागा, एक्केचाळीस हा घरनंबर. देवाने पत्ता घालूनच पाठवलाय. बहीण हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मला आणखी चेव आला. नवसाचा दगड स्वच्छ हवा म्हणून मी खिशातला रुमाल काढून तो खडू पुसून टाकला. मग वरचा दगड पुसला, त्याच्या वरचा पुसला, सगळ्यात वरचा पुसला. तिने एकावर एक ठेवले, डोळे मिटले आणि चांगला बराच वेळ उभी राहिली.

तेवढ्यात दर्शनाला आलेल्या एका टेम्पोतली माणसं आमच्याकडे बघत होती. एकीने विचारलं, इथं रचत्यात का? मी म्हणालो, रचतात की. आणि दोरी पुन्हा उचलली. आम्ही झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून खाईपर्यंत त्या रानात एक वसाहत उभी राहिली होती. दुमजली, तिमजली, एकाने तर पुढे गॅलरी काढली होती. ज्याला त्याला मी सांगत होतो, दगड पुसून घ्या. टेम्पो निघाला तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्यांनी मला नमस्कार केला आणि मी तो घेतला.

राखणदार आला तो दोरीपाशीच थबकला. "आवो, ह्ये कोनी केलं? उद्या त्येला रंगानं आकडं घालायचं हुतं."

त्याने फोन लावला. राजूरहून स्कूटीवर एक बाई आल्या, मुलीच्या वयाच्या, कामावर देखरेख करणाऱ्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं ओळींमधून चालत एक फेरी मारली. मग समजावून सांगितलं. मोठ्या दगडांवर रंगाने आकडे घातलेत. हे लहान दगड मंडपांच्या छतातले. चौकोनावर तिरका चौकोन चढवत छत वर जातं आणि मधोमध कमळाने मिटतं, त्यातले. ज म्हणजे जैन मंदिर, म म्हणजे महादेव. फोटो आहेत, पण ओळींचे. जागा हलली आणि आकडा गेला, की एकेक दगड उचलून लावून बघायचा. चुना नाही ना, त्या म्हणाल्या, दुसरा दगड तिथे बसत नाही.

हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो.

मी म्हणालो, मी मांडून देतो परत. आणि लागलो पाडायला. ती टेम्पोतल्या माणसांची घरं होती. कुणाचं पोराच्या लग्नासाठी असेल, कुणाचं म्हातारपणासाठी. मला नमस्कार करून गेलेल्यांची घरं मी एकेक खाली उतरवत होतो. ओळखू येणाऱ्या कडा बघून बाई सांगतील तिथे दगड ठेवत होतो. बायको पदर खोचून दगड पुढे करत होती. होता होता सगळं रान मोकळं झालं. बहिणीचं तेवढं उभं राहिलं. मी त्याला वळसा घालून दोनदा पुढे गेलो.

बाई म्हणाल्या, "ते पण काढावं लागेल."

मी त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात विनवलं. बँकेचं उत्तर येईपर्यंत राहू द्या, चारच दगड आहेत. पण माझा हळू आवाजही व्याख्यान देणाऱ्याचा. बहीण झाडाखालून उठून आली.

"दादा, लोकांची सगळी पाडलीस आणि माझं ठेवतोस?"

"तुझं वेगळं आहे गं."

"काय वेगळं? देवाच्या डोक्यावरचं छत काढून माझ्या डोक्यावर घ्यायचं का?"

ती खाली बसली आणि वरून एकेक दगड उतरवला. मी पुढे झालो तर म्हणाली, राहू दे. शेवटी पाकळीचा दगड हातात राहिला. बाईंनी मला विचारलं, यावर काय लिहिलं होतं, आठवतंय? माझ्या डोक्यात नुसता रुमाल. वाचला मी, अर्थ लावला मी, पुसला मी, आणि आकडा काही केल्या आठवेना.

"ज एक्केचाळीस," बहीण म्हणाली. "घरनंबर म्हणून ध्यानात ठेवला होता."

बाईंनी तिथल्या तिथे रंगाने आकडा घातला. परतीच्या वाटेत दोन जुनी देवळं लागली. मी गाडी थांबवली नाही.

पुढे बँकेने नाही म्हटलं. त्याची कारणं बँकेची होती, दगडांची नव्हती, हे मला कळतं. बहिणीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मीही काही बोललो असतो, भांडलो असतो, मोकळा झालो असतो.

आता सुट्टी मिळेल तशी मी राजूरकडे, त्या देवळापाशी जातो. दगड उचलून देतो. बाई लावून बघतात, नाही म्हणतात. मी परत ठेवतो. कधी एखादा बसतो. तेव्हा बारीक आवाज होतो, दार नीट लागल्यासारखा.

मागच्या महिन्यात बहिणीने खोली बदलली. सामान लावायला मी गेलो होतो. स्टुलावर चढून पंखा बसवत होतो, ती खालून स्क्रू देत होती. नवीन मालक नुकताच खिळ्यांचं बजावून गेला होता, आणि ती साडीत गुंडाळलेली फ्रेम पुन्हा पेटीत तळाशी गेली होती.

"दादा, एक्केचाळीस बसला का रे?"

"बसला. पहिल्या झटक्यात."

"मग झालं," ती म्हणाली आणि पुढचा स्क्रू वर धरला.

पंखा केव्हाच घट्ट झाला होता. तरी मी बराच वेळ छताकडे तोंड करून तो आवळत राहिलो.