लॉडनच्या काठी बापूकाकांचा आवाज

भुताच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, कारण बहुतेक वेळा भूत मीच असायचो. इस्लामपूरला शाळेत असताना बंद लॅबमधून मेलेल्या शिपायाचा आवाज काढून मी अख्खा वर्ग पळवलाय. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

साल २००६, फेब्रुवारी. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला प्रोजेक्टवर होतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये मिलिंद आणि त्याची बायको अपर्णा, तिला सातवा महिना. मिलिंद कराडजवळचा, लहानपणापासून कृष्णेत गळ टाकलेला. ऑफिसमधल्या एका गोऱ्याने त्याला पाईकचा नाद लावला. पाईक म्हणजे लांब चपट्या तोंडाचा, सुसरीसारख्या दातांचा मासा. इकडे तो पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे बाजारात जाऊन नुसते भाव विचारून यायचं.

मिलिंदला हे सगळं शिकवलं त्याच्या बापूकाकांनी. ते आता नाहीत. मी त्यांना पाहिलेलं नाही, आवाजही ऐकलेला नाही. तरी मिलिंदच्या वर्णनावरून त्यांची नक्कल करायचो, आणि तो दर वेळी मान हलवायचा — छे, हे तर तुझे हेडसर झाले.

त्या शनिवारी निघताना अपर्णाने मला बाजूला घेतलं. "भाऊजी, नदीला पाणी चढलंय. माशापुढे त्याला काही दिसत नाही. तुम्ही लक्ष ठेवा."

मी तिच्याच आवाजात हो म्हणालो. ती हसली.

लॉडन नदी एरवी आपल्याकडच्या ओढ्याएवढी. पण आठवडाभराच्या पावसाने गढूळ, फुगलेली. दुपारी मासा लागला, रॉड कमानीसारखा वाकला आणि रीळ अडकलं. फिरेचना. मग मिलिंदने कृष्णेकाठी जे करायचा तेच केलं... रॉड टाकला आणि दोरी हाताला गुंडाळली. तिकडची दोरी जाड. ही बारीक, तारेसारखी. तेवढ्यात वाहत आलेल्या मोठ्या फांदीत ती गुंतली आणि मिलिंद घसरून थेट कमरेएवढ्या पाण्यात.

फांदी ओढतेय, हा मागे खेचतोय, हाताला रक्त. पुढे वळणावर पाणी खोल. चाकू गाडीत. मला पोहता येत नाही. मी मासा काढायच्या जाळ्याचा दांडा पुढे केला — पोचला नाही. 'मागे ओढ, मागे' असं ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच फुटेना. माझ्या! ज्याला गप्प बसवायला मास्तर खडू फेकायचे, त्याच्या.

आणि माझ्या डाव्या खांद्यामागून, अगदी शांतपणे, कुणीतरी बोललं.

"वडू नगं, लेका. तिच्यासंगं चाल. सैल पडंल."

मिलिंदने मानही वळवली नाही. खेचणं थांबवलं आणि काठाकाठाने फांदीच्या बरोबर चालायला लागला. दोरी सैल पडली. त्याने वेढे सोडवले. फांदी, मासा, रॉड, सगळं वाहून गेलं. मी त्याला कॉलरला धरून वर खेचलं आणि मगच मागे बघितलं. मोकळं कुरण. पार कुंपणापर्यंत कुणी नाही.

गाडीत मिलिंद हाताला मफलर गुंडाळून बसला होता, दात वाजत होते. म्हणाला, "पक्या, आज जमलं तुला. हुबेहूब बापूकाका."

मी गाडी चालवत राहिलो.

मासेमारीतलं मला शून्य कळतं. माझा आवाज फुटला असता तर मी 'मागे ओढ' म्हणालो असतो, आणि त्याने ऐकलंही असतं. पुढचा विचार करवत नाही.

आता त्याची मुलगी तीन वर्षांची आहे. कुणाकडे जमलो की मिलिंद म्हणतो, पक्या, बापूकाका काढ ना, पोरीला ऐकू दे. मी हेडसर काढतो, मॅनेजर काढतो, सगळे हसतात. पोरगीपण. मिलिंद हसत नाही, नुसता थांबून राहतो... आणि मला त्याला सांगता येत नाही की तो आवाज माझ्याकडे नाहीच.