चैतालीचं काम आणि गोरखचं बटण

“गेलं म्हंजी गेलं! मी सोता बटण दाबलंय,” गोरख पुन्हा ओरडला.

“मग साहेबांना का दिसत नाही?” चैताली पीठ मळत म्हणाली. “वाटेत उतरलं का कुठं?”

“ते तुझ्या सायबाला इचार. मी डायवर हाय.”

चैतालीच्या सासूबाई लीलाबाई तांदूळ निवडत मजा बघत होत्या. “त्यानं दाबलं म्हनतोय ना? मग दाबलं आसंल.”

चैताली लोणावळ्याची. तळेगावला कॉम्प्युटर शिकली, पुण्याच्या कंपनीत लागली आणि लोणावळ्यात पर्यटकांची जीप चालवणाऱ्या गोरखच्या प्रेमात पडून आंदर मावळातल्या त्याच्या आडगावात आली. तिच्या घरचे रडले, कारण पोरगी कोपऱ्यात गेली. त्याच्या घरचे रडले, कारण सुनेला धार काढता येत नव्हती. कंपनी म्हणाली, घरून काम कर. घरात रेंज नव्हती हे कंपनीला कुणी सांगितलं नाही. गावात मोबाईल बॅटरी म्हणूनच कामी यायचा. चैताली घरी लॅपटॉपवर काम करायची आणि वर पठारावर चढून ते कंपनीला पाठवायची.

या खेपेला म्हैस व्यायली होती, पठारावर जायला सवड नव्हती. चैतालीनं लॅपटॉप गोरखच्या जीपमध्ये दिला. “लोणावळ्यात नेट जोडा, एवढं टाइप करा, एंटर दाबा.” तो संध्याकाळी आला आणि म्हणाला, गेलं. आज सकाळी तिनं पठारावरून फोन लावला तर साहेब म्हणाले, “इथं तुझं काहीच नाही. संध्याकाळपर्यंत दिसलं नाही, तर घरून काम बंद. रोज पुण्याला यायचं.” इथून रोज पुणं म्हणजे नोकरी सोडणंच.

“पर येकच काम तुझ्याकडं आन् सायबाकडं, आसं दोन जागी आसतं कसं?” लीलाबाईंनी विचारलं.

“माझ्या लॅपटॉपवर माझी ब्रँच, म्हणजे कामाची प्रत, ती लोकल. कंपनीच्या सर्व्हरवर तिच्याच नावाची दुसरी, ती रिमोट. नाव एक, पण इथलं आपोआप तिथं जात नाही, तिथलं इथं येत नाही. न्यावं लागतं, आणावं लागतं.”

“पर निघताना तुझा लॅपटॉप तर सांगत होता, तिकडं नवं काय न्हाई,” गोरख म्हणाला.

“त्याला शेवटचं जेवढं माहीत, तेवढंच सांगणार. आत्या, तुम्ही परवा शेजारी सांगत होता ना, रतनवन्संच्या घरी हिरवा सोफा आहे म्हणून? तो त्यांनी होळीलाच विकला.”

“इकला?” लीलाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. “मला बोलली न्हाई!”

“तुम्ही दिवाळीनंतर वराळ्याला त्यांच्या घरी गेलाय कधी?”

लीलाबाईंचा ब्रँचमधला रस तिथंच संपला. सोफा केवढ्याला गेला, एवढंच त्या विचारत राहिल्या.

चैतालीनं हात धुऊन लॅपटॉप उघडला. गोरखनं टाइप केलेलं तसंच होतं. खाली लाल अक्षरांत नकार.

“हे दिसलं नाही?”

“दिसलं की. गिझरचा दिवा बी लालच आसतो. म्हनलं, चालू झालं.”

कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात बसणाऱ्या समीक्षानं त्याच ब्रँचमध्ये आपलं काम आधी पाठवलं होतं. आधी तिचं घ्या, आपल्यात मिसळा, मग पाठवा, असं सर्व्हर म्हणत होता. चैतालीचं काम लॅपटॉपवर सुखरूप होतं.

“म्हंजी माझं काय चुकलं न्हाई,” गोरख म्हणाला.

“तुमचं काही झालंच नाही, तर चुकणार काय!”

दोघं मोटरसायकलवर पठारावर गेले. चैतालीनं दगडावर बसून समीक्षाचं काम उतरवून घेतलं. काम होतं हॉटेल बुकिंगच्या प्रोग्रामचं; त्यातलं कुत्रं आणणाऱ्या पाहुण्याचं भाडं दोघींनीही बदललं होतं, तेही एकाच ओळीत. कुणाचं ठेवायचं यावरून फोनवर अशी जुंपली की चरणाऱ्या म्हशी लांब सरकल्या. शेवटी समीक्षाचा दर आणि चैतालीची अट राहिली. चैतालीनं काम पाठवलं. या वेळी लाल काही आलं नाही.

“दिसतंय,” साहेब फोनवर म्हणाले. “पण पुढच्या आठवड्यात काय?”

चैतालीनं मान वळवली. गोरख एका गुराख्याला सांगत होता, “आमीच पाटवलं. लय अवघड आसतं.”

रात्री जेवायला सगळे बसल्यावर चैताली गोरखला म्हणाली, “सोमवारपासून मी रोज जीपमधून लोणावळ्याला येणार. दिवसभर माहेरी बसून काम करणार. संध्याकाळचा भात आत्या लावतील, भाकरी तुम्ही थापायच्या.”