लखमी, लक्ष्मी आणि विनयचे कंस

तलासरीच्या कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभी होते, तेव्हा नीलाताईंचा फोन आला. "विनय गेला गं. सकाळी किनाऱ्यावर चालायला गेला होता, सुरूच्या बनात खाली बसला... तिथंच." माझ्यापुढे दोनच माणसं होती. मी रांग सोडली नाही. दाखला घेतला, सही केली, आणि बाहेर आल्यावर मला सुचेना की बोर्डीला जायला गाडी कुठे मिळते. त्याच रस्त्यानं जन्मभर जातेय-येतेय मी. या गोष्टीला दीड महिना झाला. त्या दिवशी रांगेत का थांबले, हे अजून मला स्वस्थ बसू देत नाही.

विनय आणि मी बोर्डीच्या शाळेत एका वर्गात होतो. पुढे मी डहाणूला कॉलेजात संगणक शिकवू लागले. तो बरीच वर्षं मुंबईत नोकरी करून बहिणीच्या, नीलाताईंच्या, चिकूच्या वाडीत परत आला. येताना एक वेड घेऊन आला. लिस्प ही संगणकाची जुनी भाषा. तिच्यात सगळं कंसात लिहितात, कंसाच्या आत पुन्हा कंस. त्या वळणाची स्वतःची एक छोटी भाषा तो घडवत होता, आणि तिच्यात त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन बसवायचं होतं. म्हणजे शब्द नेमका ठाऊक नसला तरी त्याचा साचा सांगून तो शोधायची सोय. "तयार साधनं आहेत की," मी म्हटलं होतं. त्यानं मला करूनच दाखवलं. 'कुठलंही एक अक्षर' असं सांगितलं की ते तयार साधन 'की'मधला क उचलायचं आणि वेलांटी मागे लोंबकळत ठेवायचं. "आपलं अक्षरच यांना अक्षर वाटत नाही," तो म्हणाला. बोलताना तो पडवीत येरझाऱ्या घालायचा. ऐकणाऱ्याची मान दुखायची.

त्याला हे हवं होतं रानशेतसाठी. तिथल्या वनजमिनीच्या दाव्यांच्या याद्या वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या. एकीत लखमी, दुसरीत लक्ष्मी, तिसरीत गुजरातीत शिकलेल्या कारकुनानं ऐकून लिहिलेलं काहीतरी. गावातल्या कार्यकर्त्यांनी या नावांचा मेळ घालायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. खुणांच्या गिचमिडीऐवजी त्याचा साचा कंसातल्या यादीसारखा सरळ वाचता यायचा: आधी ल, मग 'खमी' किंवा 'क्ष्मी'. प्रत्येक तुकड्याला नाव देता यायचं. मला ते फार पसरट वाटायचं, आणि तसं मी म्हणायचेही.

पहिली यादी तयार झाली आणि सभेत वाचून दाखवली गेली. लखमीबाईंच्या नावापुढे 'मयत' आलं. त्या पुढच्याच ओळीत बसल्या होत्या. "मंग ही बसलीय ती कोण?" त्यांनी विचारलं. सगळे हसले. विनय हसला नाही. त्याचा प्रोग्राम साच्यात बसणारं पहिलं नाव सापडताच थांबत होता, आणि पहिली सापडली ती दुसऱ्या पाड्यावरची, वारलेली लक्ष्मी. त्या दिवशी तो लखमीबाईंच्या अंगणात जाऊन माफी मागून आला. त्यांनी त्याला चहा दिला आणि एवढंच म्हटलं, "नीट बघ बाबा, जागा माझीच हाय."

त्यानंतर त्यानं सगळं मोडून पुन्हा मांडलं. आता साच्यात बसणारी सगळी नावं पुढे यायची, आणि कुठला तुकडा कुठे जुळला ते दिसायचं. शेवटचा निवाडा माणसाचा. पण शक्यता इतक्या फुटत जायच्या की लांबलचक साचा दिला की प्रोग्राम उत्तर घेऊन परतच येईना. आमची शेवटची भेट याच भांडणात गेली. मी म्हटलं, मर्यादा घाल, काही नावांनंतर थांबव. तो म्हणाला, "आणि लखमीबाई त्या मर्यादेच्या पलीकडे असली तर?"

"मग तुझं हे कधीच संपणार नाही, विनय."

त्यानं चिकूची पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेला.

त्याचं काम नीलाताईंनी माझ्याकडे सोपवलं. पंधरा दिवस मी नुसते त्याचे कंस मोजत होते... मग मर्यादा घातलीच. पण प्रोग्राम थांबतो तिथे 'अजून बाकी आहे' असं सांगतो, आणि पुन्हा विचारलं की नेमका तिथूनच पुढे चालू लागतो. रानशेतची यादी अशी टप्प्याटप्प्यानं पुरी झाली. लखमीबाई आता वेगळ्या ओळीत आहेत, जित्या. विनयला हा मार्ग पटला असता का, कोण जाणे. मी मनातल्या मनात त्याच्याशी वाद घालते आणि दोन्ही बाजूंनी हरते.

रविवारी बोर्डीला त्याच्या खोलीत जाते. उभ्यानं काम करता यावं म्हणून त्यानं टेबलाचे चारही पाय विटांवर चढवले होते. परवा नीलाताई म्हणाल्या, "विटा काढते, तुला खुर्चीत बसता येईल." मी म्हटलं, "राहू द्या." तासाभरानं पोटऱ्या भरून येतात. मग खिडकीपर्यंत जाऊन येते, आणि पुन्हा उभी राहते.