आतोबा आणि तुंबलेलं मशीन

साऱ्या माळव्यात मिळून जेवढी काळजी होत असेल, तिच्यातली निम्मी एकटे आमचे आतोबा करतात, असं माझं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. देवासच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, अंगाने किडकिडीत, आणि चेहऱ्यावर कायम आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगून गेल्याचा भाव. घराला कुलूप लावलं की ते सात वेळा ओढून पाहतात आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आठव्यांदा ओढायला परत येतात. नळ एक दिवसाआड येतो, पण आतोबा दोन्ही दिवस पहाटे बादली घेऊन बसतात. न जाणो, चुकून आला तर! एकदा खातेगांवला लग्नाला निघालेली वऱ्हाडाची बस त्यांनी वाटेत थांबवली आणि गॅस बंद आहे का ते पाहायला शेजाऱ्यांना फोन केला. शेजारी म्हणाले, बंद आहे. त्यावर आतोबा घाबरून म्हणाले, "भिया, आप अंदर कैसे गए? ताला खुल्ला है क्या?" शेजाऱ्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं होतं. मग खिडकी उघडी राहिल्याची काळजी त्यांना पंगत उठेपर्यंत पुरली.

गेल्या हिवाळ्यात आत्याचं इंदूरला पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मात्र त्यांची काळजी पाहून मला हसू येईना. दोन महिने भरली बादली उचलायची नाही, असं डॉक्टरांनी आत्याला बजावलं होतं. आणि आत्या अशी की, मळका पंचा दिसला तरी तो धुतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. म्हणून तिची इंदूरची मुलगी, आमची ताई, तिला दोन महिने आपल्याकडेच ठेवून घ्यायचं म्हणत होती. आत्याचं एकच पालुपद, मला माझ्या घरी जायचंय. शेवटी आतोबांनी शब्द दिला, "धुणं सगळं मी करीन. मशीन आहे." शॉक बसेल म्हणून या मशीनला त्यांनी तोवर बोटसुद्धा लावलं नव्हतं.

आत्याला घरी सोडायच्या दिवशी सकाळी सातला मला धारला, माझ्या घरी, त्यांचा फोन आला. "अरे, कालपासून मशीन पानी सोडतच नाहीये. अंदर सगळे कपडे डुबून राहिलेत, दरवाजा खुलत नाही. मेकॅनिक परसों येतो म्हणतो. आणि तुझी आत्या आज यायची आहे रे!" मी तसाच मोटार काढून निघालो. तिथे पोचलो तर मशीनबरोबर साऱ्या घराचा मेन स्विच बंद, आणि आतोबा अंधाऱ्या न्हाणीघरात टॉर्च धरून मशीनची हिंदी पुस्तिका वाचत बसलेले. निम्म्या ओळींखाली त्यांनी लाल रेघा मारल्या होत्या.

पाणी बाहेर सोडणारा पाइप कुठे मुडपला आहे का, हे मी आधी पाहिलं. मुडपला नव्हता. काढून फुंकून पाहिला, स्वच्छ होता. आतोबा माझ्या कानाशी वाकून एकसारखे विचारत होते, "मशीन फुटणार तर नाही ना? शेजारी पानी गेलं तर? आत्याने आल्या आल्या हे धुणं पाहिलं आणि धुवायला बसली तर? टाके उकलतील रे तिचे!" मग मशीनच्या पायाशी असलेली छोटी झडप उघडून मी खाली परात लावली. साबणाचं पाणी परात परात निघू लागलं, आतोबा ती मोरीत ओतू लागले आणि दर खेपेला "झालं का?" विचारू लागले. सतराव्या परातीला धार आटली. आतली जाळी फिरवून काढली, तिच्यात एक बटण निघालं. तिच्या मागे पाणी फेकणारा लहानसा पंखा असतो. त्याला पांढरं काहीतरी घट्ट गुंडाळलं होतं. देवघरातल्या चिमट्याने वेढा वेढा सोडवत मी ते बाहेर ओढलं.

ते आतोबांचं जानवं होतं.

त्यांचा हात झटकन खांद्याकडे गेला आणि तोंड मिटलं. बनियन काढताना ते बनियनबरोबर निघालं असणार आणि कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेलं असणार. कुलूप आठ वेळा ओढून पाहणाऱ्या माणसाला काल संध्याकाळपासून त्याचा पत्ता नव्हता. आणि जानवं अंगावर नसलं की नवीन घालेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नेम. नवीन जानव्यांची जोडी कुठे ठेवली आहे ते फक्त आत्याला ठाऊक. आम्ही सगळे डबे धुंडाळले, एकही सापडलं नाही. मी मेन स्विच लावला, मशीन पुन्हा चालू केलं. पाणी खळखळ मोरीत पडू लागलं तसे आतोबा मुक्यानेच हात जोडून उभे राहिले.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "मशीन चालू झाली का? सच सांग. आम्ही गाडीत बसलोय, आईला कुठे न्यायचं ते आत्ता ठरवायचंय."

"चालू झालं, ताई."

"तू तर बाबांचीच साइड घेशील. बाबांना दे." मी स्पीकर लावून फोन आतोबांपुढे धरला, त्यांनी नुसतीच मान हलवली. "ते का बोलत नाहीयेत? त्यांची तब्येत खराब आहे का? मग तर मी आईला बिलकुल नाही पाठवत."

आतोबांनी एकदा देवघराकडे पाहिलं. मग माझ्या हातून फोन घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चालू आहे. आण तिला." फोन परत देऊन पुन्हा तोंड मिटलं.

आत्या दुपारी आली. दोरीवरच्या चादरी पाहिल्या, मग खांद्याकडे बोट दाखवणारे आतोबा पाहिले आणि गंधाच्या डबीमागून जानवं काढून त्यांच्या हाती दिलं. ते घालून होईपर्यंत ती थांबली. मग हळूच म्हणाली, "फोनवर तर बोललात म्हणे. जानवं नसताना? आजवर कधी मोडला नाहीत तो नेम."

"मग काय करू," आतोबा म्हणाले, "तू तिकडेच राहिली असतीस ना."

आत्याने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरचं जानवं सरळ केलं. मला मात्र तिथे उभं राहवेना. उगाच चादरी वाळल्या का ते पाहायला मी अंगणात गेलो. त्या चांगल्याच ओल्या होत्या, तरी मी बराच वेळ त्यांना हात लावून पाहत राहिलो.